तुरुंगाचा दरवाजा आणि घराचा उंबरठा
(शांतारामांच्या दोन चित्रपटांच्या निमित्ताने)

गुन्हा, अटक, खटला आणि शिक्षा ह्या क्रमाने गुन्हेगाराची कथा सांगण्याची आपल्याकडे रूढ पद्धत आहे. तीत शिक्षा हा शेवटचा अंक असतो. न्यायाधीश निकाल देतात, लोखंडी दरवाजा बंद होतो आणि पडदा पडतो. परंतु ज्याच्यासाठी तो दरवाजा दहा-बारा वर्षांनी पुन्हा उघडावयाचा असतो, त्याच्या आयुष्याचा सर्वांत अवघड भाग त्या दिवशी सुरू होतो. तुरुंगाचा दरवाजा सरकारी हुकुमाने उघडतो. घराचा उंबरठा कोणाच्याही हुकुमाने ओलांडता येत नाही. ह्या दुसऱ्या प्रवेशाला मराठी माणसांनी निर्माण केलेल्या नाट्यात कितपत स्थान मिळाले आहे, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी व्ही. शांताराम यांचे दोन चित्रपट येथे विचारात घेतले आहेत. पहिला प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) व दुसरा राजकमलचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). पहिला मराठीत व ‘आदमी’ ह्या नावाने हिंदीत निघाला. दुसरा हिंदी असला तरी त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आहे आणि तिचे बीज त्यांच्याच मुलुखात पडलेले होते. तेव्हा त्याला मराठी विचारविश्वातील कृती मानण्यास प्रत्यवाय नसावा.

चित्रपटाचे परीक्षण हा भाषाशास्त्राच्या अध्यापकाचा प्रांत नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर एवढेच की, कुटुंबात परत येणे ही फार मोठ्या प्रमाणात भाषेत घडणारी घटना आहे. घरी परतलेल्या माणसाला कोणी कोणत्या नावाने हाक मारावयाची, मुलांनी त्याला काय म्हणावयाचे, शेजाऱ्यांनी त्याची ओळख पाहुण्याला कोणत्या शब्दांत करून द्यावयाची, हे ठरल्यावाचून तो माणूस घरात आला असे म्हणता येत नाही. म्हणून चित्रपटांकडे वळण्यापूर्वी काही शब्दांचा विचार करून घेणे युक्त ठरेल.

‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून मराठीत आला असे मानले जाते. त्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकविण्याचा लाकडी ठोकळा आणि मग कैदखाना, असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ हे शब्द असेच एकमेकांना लागून आहेत. लिस्बनमध्ये आणि देशावर कैद्याला लाकडाशीच बांधून ठेवीत, म्हणून दोन अगदी दूरच्या भाषांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरली. ‘शिक्षा’ ह्या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकविणे; उच्चारशास्त्राच्या वेदांगाचे नावही ‘शिक्षा’च. हिंदीने तो अर्थ राखला आणि मराठीने त्याच शब्दाला दंड हा अर्थ दिला. ‘उसे शिक्षा मिली’ आणि ‘त्याला शिक्षा मिळाली’ ह्या दोन वाक्यांतील अंतर पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शब्द म्हणजे ‘आत’ आणि ‘बाहेर’ ही साधी अव्यये. ‘त्यांचा थोरला आत आहे’ एवढे म्हटले की पुरे. कशाच्या आत, हे नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सांगावे लागत नाही. आता हीच अव्यये घराच्या संदर्भात पाहावीत. तेथे ‘आत’ म्हणजे माजघर, स्वयंपाकघर, देव्हारा. ‘बाहेर’ म्हणजे ओसरी आणि अंगण. आतला तो आपला, बाहेरचा तो परका. तुरुंग हा अर्थ उलटा करून टाकतो. कैद्याच्या लेखी ‘बाहेर’ म्हणजे घर, आणि ‘आत’ म्हणजे जे कधीच आपले नव्हते ते. सुटून आल्यावर त्याला हे दोन्ही शब्द पुन्हा एकदा पालटून घ्यावे लागतात. तो ‘बाहेर’ आलेला असतो. त्याला ‘आत’ घ्यावयाचे की नाही हे घराने ठरवावयाचे असते. पुष्कळदा त्याचे अंथरूण ओसरीवर पडते. ओसरी ही आतही नाही आणि बाहेरही नाही.

शिवाय मराठीतील ‘-लेला’ हे कृदंत येथे फार निर्दयपणे काम करते. ‘तो सुटला’ हे वाक्य एक घटना सांगते, आणि घटना संपते. ‘सुटून आलेला’ हे विशेषण अवस्था सांगते, आणि ती अवस्था संपत नाही. शिकलेला माणूस जसा मरेपर्यंत शिकलेलाच राहतो, तसा जेलातून आलेला मरेपर्यंत जेलातून आलेलाच राहतो. हेच एका संपूर्ण समाजसमूहाच्या बाबतीतही घडले आहे. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते, त्यांच्या कपाळीचा तो शिक्का १९५२ साली कायदा रद्द होऊन पुसला गेला. आणि त्यानंतर त्यांना जे नाव मिळाले ते ‘विमुक्त’, म्हणजे सुटलेले. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड ह्या तालुक्यांतील पारध्याच्या पोराला, त्याने किंवा त्याच्या बापाने तुरुंग पाहिलेला नसला तरी, गावाच्या नजरेत सुटून आलेल्याचेच विशेषण लागते. घरी परतणे ही कल्पनाच त्याच्या बाबतीत निराळी होते. जेथे पालावरच हजेरी चालत असे, तेथे ‘बाहेर’ म्हणावयाचे तरी कशाला?

आता ‘माणूस’कडे वळू. ह्या चित्रपटाचा नायक गणपत हा पोलीस शिपाई आहे. त्याचा क्रमांक २५५. त्याची भूमिका शाहू मोडक यांनी केली. मोडक मूळचे अहमदनगरचे, तेथील ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली जन्मलेले. ‘माणूस’नंतर लगेच, १९४० साली, ते प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले, आणि ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच जिल्ह्यातल्या नटाला ती भूमिका मिळाली हा योग नगरकरांना अजूनही सांगावासा वाटतो. गणपतच्या भूमिकेत मात्र संतपणाचा लवलेश नाही. तो सरळ, थोडासा बुजरा शिपाई आहे. कुंटणखान्यावर धाड पडते तेव्हा तो मैनेला वाचवितो, तिच्यावर प्रेम करू लागतो आणि तिला त्या आयुष्यातून बाहेर काढून आपल्या घरी, आपल्या आईपाशी नेऊ पाहतो. शांता हुबळीकरांची मैना हा त्या चित्रपटाचा प्राण आहे. निरनिराळ्या भाषांत गाऊन गिऱ्हाइकांना रिझविणारी ही स्त्री गणपतच्या एका साध्या घरासमोर मात्र मुकी होते.

मैना तुरुंगात नंतर जाते. पण ‘आत’ असण्याची अवस्था तिच्या वाट्याला आधीच आलेली आहे. गणपतच्या आईसमोर जाण्याची वेळ येते तेव्हा तिला कोणी अडवीत नाही. तिची स्वतःची अपराधजाणीवच आडवी येते. नकार घराकडून येण्यापूर्वीच तो ती आपणहून देऊन टाकते. पुढे तिच्याकडून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो आणि ती गजाआड जाते. गणपत तिला सोडवावयास तयार होतो. ती सुटावयास तयार होत नाही.

ह्या शेवटाचे वर्णन बहुधा त्याग ह्या शब्दाने केले जाते. मैनेने आपल्या प्रियकराची नोकरी, त्याचा गणवेश, त्याची नीतिमत्ता वाचविली, असे त्याचे तात्पर्य सांगतात. ते चूक नाही. परंतु ते अपुरे आहे. दरवाजा उघडत असता ती का बाहेर पडत नाही, ह्याचे उत्तर तुरुंगात सापडावयाचे नाही, ते आधीच्या त्या उंबरठ्यापाशी शोधावे लागते. ज्या स्त्रीला मोकळी असताना घरात पाऊल टाकता आले नाही, तिला खुनाचा डाग घेऊन ते टाकता येईल असे मानण्यास कोणताच आधार नव्हता, आणि हे तिला गणपतपेक्षा अधिक चांगले कळत होते. तिचा नकार हा भावनेपेक्षा हिशेबाचा नकार आहे. मात्र येथेच लेखकाने व दिग्दर्शकाने एक सोयही करून घेतली आहे. मैनेनेच माघार घेतल्यामुळे घराला उत्तर द्यावे लागत नाही. खुनाची शिक्षा भोगून आलेल्या सुनेला माजघरात घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न कोणालाही विचारला जात नाही. ‘देवदास’च्या (१९३५) यशानंतर सर्वत्र पसरलेल्या कुढत्या प्रेमाला उत्तर म्हणून ‘माणूस’ निघाला आणि त्याने आयुष्य जगण्यासाठी असते हे ठासून सांगितले, हे खरेच आहे. पण ते जगणे गणपतच्या वाट्याला आले. मैनेच्या वाट्याला काय आले, हे दरवाज्याच्या अलीकडूनच पाहावे लागते.

ज्या १९३९ साली पुण्याच्या प्रभात नगरीत हा प्रसंग चित्रित होऊन पडद्यावर आला, त्याच साली तेथून दक्षिणेस, औंध संस्थानच्या आटपाडी महालात, एक अगदी वेगळी गोष्ट प्रत्यक्षात घडत होती. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांसाठी व चित्रकलेसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांनी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी आणि मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश अभियंत्याने (गांधीजींच्या परिवारात ते भारतानंद म्हणून ओळखले जात) त्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानात लोकांच्या हाती कारभार सोपविला. त्याच उत्साहात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसली. तेथे गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी शेती करून राहावयाचे होते. भिंत नव्हती, गज नव्हते. आजच्या सांगली जिल्ह्यात ती वसाहत खुल्या कारागृहाच्या व्यवस्थेचा भाग म्हणून टिकून आहे.

भिंत नसणे हे स्वतंत्रपूरचे वैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगितले जाते. आमच्या मते त्याहून मोठे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथे कैद्याला बायकामुलांसह राहण्याची मुभा होती. लग्नपत्रिकेत छापला जाणारा ‘सहकुटुंब’ हा शब्द तुरुंगाच्या संदर्भात वापरता यावा ही गोष्ट त्या काळी जितकी विलक्षण होती, तितकीच ती आजही आहे. शिक्षा भोगून झाल्यावर घरी परतावयाचे, हा सर्वमान्य क्रमच स्वतंत्रपूरने मोडला. घर आधी आणि सुटका मागाहून. नवऱ्याला पाहून पदर तोंडावर ओढणारी बायको, बापाला न ओळखणारे पोर, पीठ संपल्याची तक्रार, आजारपण, शेजारणीशी भांडण, हे सर्व शिक्षेच्या मुदतीतच घडावयाचे. म्हणजे ज्या दिवशी सुटकेचा हुकूम येईल त्या दिवशी उंबरठा ओलांडणे शिल्लकच राहू नये. ह्या व्यवस्थेतली पत्नी देवता नव्हे आणि पहारेकरीही नव्हे. ती केवळ रोज समोर असते.

‘दो आँखें बारह हाथ’चा उगम ह्या स्वतंत्रपुरात आहे. माडगूळकर आटपाडीच्याच बाजूचे. औंध संस्थानच्या परिसरात त्यांचे बालपण व शिक्षण झाले. तेव्हा ती हकिगत त्यांना पुस्तकातून मिळविण्याची गरज नव्हती. चित्रपटाचे कथानक सर्वपरिचित आहे. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना घेऊन एका ओसाड माळावर जातो. त्यांच्या हातून शेती उभी करतो. पळून जाण्याचा मोह त्यांना होतो. परंतु आदिनाथच्या डोळ्यांची आठवण त्यांना परत आणते. भाजी पिकते, ती रास्त भावाने बाजारात विकली जाते. त्यामुळे ज्यांच्या नफ्याला धक्का बसतो ते व्यापारी प्रथम मारहाण करवितात. हात न उगारण्याचे वचन दिलेले हे सहा खुनी ती निमूटपणे सोसतात. शेवटी पिकात सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथचा अंत होतो. आदिनाथची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, आणि त्या झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना झालेली इजा ही त्या चित्रपटाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध घटना आहे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील रौप्य अस्वल हे त्याला मिळालेले मान.

चित्रपटाच्या सामर्थ्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मारहाणीच्या प्रसंगात, एरवी ज्या हातांनी खून केले ते हात नुसते लोंबत राहतात, हे दृश्य पाहणाऱ्याला विसरता येत नाही. मघा ‘शिक्षा’ शब्दाचा उल्लेख केला. मराठी माणसांनी निर्माण केलेला हा हिंदी चित्रपट त्या शब्दाला मराठी अर्थाकडून हिंदी अर्थाकडे नेतो, असे म्हटले तर ती केवळ कोटी ठरू नये.

परंतु स्वतंत्रपूर आणि हा चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे एक मोठा फरक डोळ्यांत भरतो. मूळ प्रयोगात जे कुटुंब होते ते चित्रपटाने गाळले, आणि त्या जागी एक माणूस बसविला. कैदी आदिनाथला ‘बाबूजी’ म्हणतात. हिंदीत ह्या शब्दात बापही सामावतो आणि कचेरीतला अधिकारीही. मराठीत अशी सोय नाही. साहेब हा बाप नसतो आणि आबा हा अंमलदार नसतो. जुन्या अर्जांतील ‘मायबाप सरकार’ हे संबोधन काय ते दोघांना एकत्र आणीत असे. चित्रपटाने हे मायबाप सरकार एका व्यक्तीच्या रूपाने, अतिशय हृद्य रीतीने, पुन्हा उभे केले आहे. सहा प्रौढ पुरुष त्या बापाची लेकरे होतात. स्वतंत्रपूरच्या कैद्याला मात्र स्वतःच बाप व्हावे लागत होते. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. लेकरू होण्याने माणूस निर्मळ होईल. घर चालविण्यास तो त्यामुळे लायक होईलच असे नाही.

शीर्षकाचेच गणित पाहावे. दोन डोळे अधिकाऱ्याचे, बारा हात कैद्यांचे. सहा माणसांना बारा डोळेही होते. त्यांचा हिशेब शीर्षकात नाही. त्यांनी पाहावयाचे नाही, त्यांच्याकडे पाहिले जावयाचे. आदिनाथच्या मरणानंतरही हे डोळे त्यांच्यावर रोखलेलेच राहतात असे चित्रपट सुचवितो, आणि त्यातच त्याला सुधारणेची हमी दिसते. नैतिक रूपक म्हणून हे भव्य आहे. पण आयुष्यभर कोणाच्या तरी नजरेखाली असणे हीच तुरुंगाचीही व्याख्या आहे, ही शंका त्या भव्यतेने मिटत नाही.

चित्रपटात कुटुंबाचा अगदीच मागमूस नाही असे नाही. एका कैद्याची मुले त्या शेतावर येतात. पण त्यांना निजविणारे अंगाईगीत गाते ती चंपा, म्हणजे वाटेने खेळणी विकत जाणारी परकी स्त्री. संध्याबाईंनी ती भूमिका चटकदार केली आहे, गीतही गोड आहे. परंतु त्या क्षणी त्या मुलांची आई कोठे आहे हा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर मिळत नाही. कुटुंब येथे एका फटीतून आत येते आणि दिग्दर्शक ती फट लगेच गाण्याने बुजवितो.

शांतारामांच्या बाजूने दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली रचनेची. सहा कैदी सहकुटुंब आणले असते तर माळावर गाव उभे राहिले असते आणि कथेचा ताण विस्कटला असता. दुसरी अधिक महत्त्वाची. मराठी रंगभूमीवर अपराधी नवऱ्याच्या बायकोसाठी एक साचा तयारच होता. ‘एकच प्याला’तील सिंधूने तो इतका खोल उमटविला की, कैद्याची पत्नी रंगमंचावर येताच तिने सोसावे, क्षमा करावी आणि शक्य तर मरावे, अशीच प्रेक्षकांची अपेक्षा झाली असती. ते टाळण्यासाठी तिला वगळणे हा एक मार्ग होता. तो शहाणपणाचा होता, परंतु त्यामुळे जे नाटक लिहिले जावयास हवे होते ते राहून गेले. क्षमा करावी की न करावी हे ज्या स्त्रीला खरोखरच ठाऊक नाही, अशा स्त्रीचे ते नाटक आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयात ह्या प्रश्नाला भिडण्याचे धाडस जॉन गॉल्सवर्दीने ‘जस्टिस’ (१९१०) ह्या नाटकात केले होते. फॉल्डर हा कारकून धनादेशावरील ‘नऊ’चे ‘नव्वद’ करतो. इंग्रजीत त्यासाठी शब्दापुढे दोन अक्षरे व आकड्यापुढे एक शून्य एवढेच लागते. ते पैसे त्याला एका विवाहित, नवऱ्याच्या छळाने गांजलेल्या स्त्रीला सोडविण्यासाठी हवे असतात. नाटकातील एकान्त कोठडीचा प्रवेश गाजला. त्या वेळचे गृहमंत्री चर्चिल यांनी एकान्तवासाची मुदत कमी केली तिच्यामागे ह्या नाटकाचाही वाटा होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा प्रवेश त्यानंतरचा. सुटून आलेल्या फॉल्डरला जुने मालक पुन्हा कामावर घ्यावयास राजी होतात, मात्र त्या स्त्रीशी संबंध तोडण्याच्या अटीवर. समाज दार उघडतो, पण ज्या माणसासाठी परत यावयाचे तिला बाहेर ठेवून. तेवढ्यात हजेरी चुकविल्याबद्दल आणि खोटी शिफारसपत्रे दाखविल्याबद्दल पोलीस येतात, आणि फॉल्डर तुरुंगात परत जाण्यापेक्षा मरण पत्करतो. गॉल्सवर्दीचा शेवट शांतारामांच्या शेवटाहून अधिक काळोखा आहे. तरी त्याच्या नाटकात काम, प्रेम, पोलीस आणि पोट ह्या चारही गोष्टी एकाच खोलीत एकमेकींना धक्के देतात. ‘दो आँखें’मध्ये पोट आहे, पोलीस आहे, बाकीचे दोन्ही दूर माळापलीकडे राहतात.

ह्या न लिहिलेल्या नाटकाची सामग्री नगर जिल्ह्यात शोधण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ ह्या काळात नेहरू आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ते राजबंदी होते. सुटल्यावर त्यांना हारतुरे मिळाले. श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या तुरुंगातही सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रही ठेवले होते. त्याच विसापूरला पुढे खुले कारागृह झाले. तेथल्या कैद्याला हार मिळत नाही. त्याला मिळते ती रजा.

रजेचे दोन प्रकार आहेत आणि दोहोंची मराठी नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. चांगल्या वर्तणुकीने साठविलेली ती ‘संचित रजा’. संचित हा कर्मसिद्धान्तातला शब्द तुरुंगाच्या नोंदवहीत आला आहे. दुसरी ‘अभिवचन रजा’, म्हणजे पॅरोल. हा फ्रेंच शब्द सोस्यूरच्या परिभाषेमुळे आमच्या व्यवसायात नित्याचा झाला आहे. तेथे तो उच्चारित भाषेसाठी वापरतात, तुरुंगात दिलेल्या शब्दासाठी. येथे मराठी प्रतिशब्द करणाऱ्याने मूळ अर्थ अचूक हेरला आहे. कैदी शब्द देतो आणि त्या शब्दावर बाहेर येतो.

परंतु एकट्याचा शब्द पुरत नाही. १९५९ साली त्या वेळच्या मुंबई राज्यात ह्या रजांचे जे नियम झाले त्यांतील एकाचा आशय असा की, रजेच्या काळात कैद्याला आपल्याकडे घेण्यास राजी असलेला आणि त्याबद्दल जामीनपत्र लिहून देण्यास तयार असलेला नातेवाईक असल्याखेरीज त्याला संचित रजा मिळावयाची नाही. नियम करणाऱ्याला नाट्यकलेशी काही कर्तव्य नसेल. पण चित्रपटांनी जो प्रवेश गाळला तो त्याने एका वाक्यात लिहून ठेवला. ‘घेण्यास राजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मैनेच्या बाबतीत घराला जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो येथे अधिकाऱ्याच्या तोंडून सरळ विचारला जातो.

आता कर्जत किंवा श्रीगोंद्याकडील एखाद्या वाडीची कल्पना करावी. चौकशीसाठी पोलीस आला आहे. पोलीस पाटील सोबत आहे. पारावरची माणसे ओसरीशी जमली आहेत. थोरला भाऊ आत गेल्यापासून त्याच्या वाट्याची जमीन धाकटा कसतो आहे; मोट गेली, विहिरीवर पंप बसला, त्या पंपाचे कर्ज धाकट्याच्या नावावर आहे. थोरला रजेवर आला की प्रथम बांधावर जाऊन उभा राहील हे धाकट्याला ठाऊक आहे, म्हणून तो मान खाली घालून गप्प आहे. म्हाताऱ्या आईला ऐकू कमी येते. मुलगी नववीत आहे. बाप कोठे असतो ह्याचे तिने शाळेत एक उत्तर देऊन ठेवले आहे आणि ते आज खोटे पडणार आहे. ज्याचा खून झाला त्याचे घर तीन घरे सोडून आहे, आणि त्या घरचे दार ह्या वेळी मुद्दाम उघडे ठेवलेले आहे. हे सर्व आल्यावर गाण्याला आणि बैलांच्या झुंजीला जागा उरत नाही. उरते ते एका बाईचे हो किंवा नाही.

पोलीस तिला कैद्याचे नाव विचारतो. जुन्या वळणाच्या घरांत बाई नवऱ्याचे नाव घेते ते फक्त उखाण्यात, लग्नकार्यात, चार बायकांच्या आग्रहावरून आणि यमक साधून. इतर वेळी ‘आमच्या घरचे’, ‘ह्यांचे वडील’, किंवा नुसते ‘ते’ एवढ्यावर तिचे आयुष्य जाते. येथे तिला ते पोलिसापुढे, पुरुषांच्या गर्दीत, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट उच्चारावयाचे आहे, आणि मग आपले नाते सांगावयाचे आहे. ती पाटलाकडे पाहते. पाटील तिच्या वतीने नाव सांगू लागतो, आणि पोलीस म्हणतो की, ज्याने जामीन राहावयाचे त्यानेच ते सांगितले पाहिजे.